पासष्ट इंची टीव्ही आणि दातारांचा पुरावा

दार उघडल्यावर लोक आधी माझ्या खांद्यावरून मागे जिन्याकडे बघतात. मेकॅनिक मागून येत असेल, असं त्यांना वाटतं. मी चपला काढते, पिशवी खाली ठेवते आणि विचारते, "टीव्ही कुठल्या खोलीत आहे?" मग त्यांच्या लक्षात येतं. कोथरूडच्या एका आजोबांनी लक्षात आल्यावरसुद्धा विचारलं होतं, "आणि ते कधी येणार?" मी म्हटलं, "ते घरी कुकर लावतायत. तोवर मी बघते."

मी वासंती कुदळे. वय एकसष्ट. लग्नाआधीपासून भोसरीकडच्या एका टीव्हीच्या कारखान्यात होते. तिथे सर्किटवर सुटे भाग बसवून सोल्डरिंग करायला आम्ही बायकाच असायचो, कारण बारीक कामाला बायकांचा हात स्थिर असतो असं साहेब लोक म्हणायचे. पगारवाढीच्या वेळी तोच हात त्यांना दिसायचा नाही, ही वेगळी गोष्ट. कारखाना बंद पडला तेव्हा माझ्याबरोबरच्या बऱ्याचजणी पोळी-भाजीच्या केंद्रांकडे वळल्या. मला पोळ्या बऱ्या येत नाहीत. मी कर्वेनगरात एका जिन्याखालच्या जागेत टीव्ही दुरुस्तीचा फलक लावला, तो तीस वर्षांनी, गेल्या वर्षी उतरवला.

या तीस वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच: "एवढ्या किमतीचा टीव्ही, टिकतो किती वर्षं हो?"

पूर्वीचा डबा टीव्ही पंधरा-वीस वर्षं सहज चालायचा. मध्ये दोन-तीनदा माझ्याकडे यायचा, बरा होऊन जायचा. या सपाट टीव्हींचं तसं नाही. माझ्या हाताखालून जे गेले ते बघता, पाचव्या-सहाव्या वर्षी बहुतेकांची पहिली कुरकुर सुरू होते. एखादा दहा वर्षं बिनबोभाट चालतो, एखादा वॉरंटी संपल्याच्या आठवड्यात डोळे मिटतो. किंमत आणि आयुष्य यांचं काही नातं मला तरी आढळलं नाही. महाग टीव्हीत चित्र महाग असतं. आतले दिवे पुष्कळदा तेच.

दिवे म्हणजे काय, ते सांगते. ज्या काचेवर चित्र उमटतं ती काच स्वतः उजळत नाही. तिच्यामागे बारीक एलईडी दिव्यांच्या पट्ट्या असतात, त्यांचा उजेड काचेतून आरपार येतो आणि आपल्याला चित्र दिसतं. हे दिवे दिवाळीच्या माळेसारखे एकामागोमाग जोडलेले असतात. एक गेला की सगळी माळ गप्प. आणि जातात का? तर दुकानात शेजारच्या टीव्हीपेक्षा आपला उठून दिसावा म्हणून ते कारखान्यातूनच पूर्ण जोरात लावून आलेले असतात. लोक घरी आणतात आणि तसेच ठेवतात. पाच वर्षं दिवसाचे आठ तास पूर्ण जोरात पळवलं तर माणूससुद्धा बसेल.

तर दिवे गेले की आवाज येतो आणि चित्र दिसत नाही. अशा वेळी खोलीत अंधार करायचा, काचेला अगदी टेकवून बॅटरीचा झोत मारायचा. आत फिकट, सावल्यांसारखं चित्र हलताना दिसतं. म्हणजे काच शाबूत आहे, फक्त मागे अंधार आहे. ही परीक्षा करायला दोन मिनिटं लागतात. पण सर्व्हिस सेंटरमधून येणाऱ्या मुलाला दिवसाला पंधरा घरं करायची असतात. तो "पॅनेल गेलं" असं लिहून पुढच्या घरी जातो, आणि पॅनेलची किंमत ऐकून लोक नवा टीव्ही घेतात.

आता तुम्ही म्हणाल, मग ताई, दिवे बदलायचे की. बदलायचे. पण त्यासाठी पुढची काच उचलावी लागते. ती काच नखाएवढी जाड, आणि तिच्या कडेला सर्किटला जोडणाऱ्या फिल्मच्या पट्ट्या असतात, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या. काच जरा वाकली की संपलं. पापुद्रा चिरला की संपलं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. कोथरूडच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा पंचावन्न इंची टीव्हीची काच मी एकटीने उचलली होती. ते म्हणत होते, "थांबा, खालून वॉचमनला बोलावतो." मी म्हटलं, गरज नाही. आजवर कधी लागली नव्हती. उचलताना सुपारी फुटल्यासारखा एक बारीक आवाज आला, आणि काचेच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत केसाएवढी चीर उमटली. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. चहा दिला. बोलले असते तर बरं झालं असतं. चूक हाताची नव्हती, घमेंडीची होती, हे मला जिना उतरेपर्यंत कळलं होतं. त्यानंतर मी मोठ्या टीव्हींची काच उचलणं सोडून दिलं. कुणी आणला की सांगायचे, "माझ्याच्याने होणार नाही." पाच वर्षं असं चाललं.

मग तांबोळी सर आले.

सर कर्वेनगरातच राहायचे, दुकानापासून चार गल्ल्या पुढे. एका मराठी शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं. त्यांच्या पत्नी रेहानाबाई त्याच शाळेत मराठी शिकवायच्या. माझा पुतण्या दोघांच्याही हाताखालून गेला होता. सरांपेक्षा बाईंना जास्त घाबरायचा, कारण बाई ऱ्हस्व-दीर्घाला अर्धा गुण कापायच्या. सर दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आणि आत न येताच म्हणाले, "वासंतीताई, टीव्ही गेलाय. सेंटरवाला म्हणतो पॅनेल गेलं, आणि हे मॉडेल कंपनीने बंद केलंय. मला ते मान्य नाही."

"काय मान्य नाही?"

"त्याने उत्तर लिहिलं, पण रीत दाखवली नाही. रीत न दाखवता उत्तर लिहिणाऱ्याला मी गुण देत नाही."

मी सांगितलं, मी आता मोठे टीव्ही उघडत नाही. ते म्हणाले, "उघडू नका. येऊन नुसता बघा."

गेले. दुसरा मजला, लिफ्ट नाही. हॉलमध्ये भिंतीवर पासष्ट इंची टीव्ही, चार वर्षांचा, निवृत्तीच्या पैशातून हौसेने घेतलेला. आणि त्याच्यासमोर आठ-दहा फुटांवर खुर्चीत रेहानाबाई. उजवा हात मांडीवर ठेवलेला, जसा कुणीतरी ठेवला तसाच. मला बघून त्यांनी डावा हात उचलला आणि तोंड उघडलं. आवाज आला, शब्द आला नाही. त्यांनी तोंड मिटलं आणि मान वळवली.

तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. समजत सगळं होतं, फक्त बोलणं गेलं होतं, आणि दोन्ही डोळ्यांना उजवीकडचं दिसेनासं झालं होतं. जिना उतरणं शक्य नव्हतं, म्हणून एक स्पीच थेरपिस्ट मॅडम रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर व्यायाम घ्यायच्या. सरांनी लॅपटॉप टीव्हीला जोडला होता. मॅडमचं तोंड टीव्हीवर हातभर मोठं दिसायचं. ओठ कसे मिटतात, जीभ दाताला कुठे लागते, सगळं. ते बघून बाई एकेक अक्षर पुन्हा शिकत होत्या. 'प' आणि 'म' आले होते. 'त'वर काम चाललं होतं, तेवढ्यात टीव्ही गेला.

"लॅपटॉपवर नाही होत?" मी विचारलं.

सरांनी लॅपटॉपकडे बोट केलं. त्याच्या झाकणाचा एक कोपरा फुटलेला होता. "तिने ढकलला. एवढंसं तोंड तिला सापडतच नाही. सापडलं तरी जीभ दिसत नाही. पाच मिनिटांत रडायला लागते." मग म्हणाले, "मॅडम म्हणतात, हे पहिले काही महिने सोन्यासारखे असतात. नंतर येतं, पण सावकाश. हॉस्पिटलच्या खर्चानंतर एवढा मोठा टीव्ही मला लगेच पुन्हा घेता येणार नाही. शेजाऱ्यांनी त्यांचा छोटा दिला होता, त्यावरही जमलं नाही."

मी पडदे ओढले, टीव्ही चालू केला. बातम्यांचा आवाज आला. काचेला बॅटरी टेकवली. आत एक निवेदिका हात हलवत होती, पाण्याच्या तळाशी असल्यासारखी.

"सर, इकडे या. ही बघा रीत. काच जिवंत आहे. दिवे गेलेत."

सर वाकून बघत राहिले. मग त्यांनी बाईंची खुर्ची पुढे ओढली आणि त्यांनाही दाखवलं. बाईंनी बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डाव्या हाताची बोटं फिरवून विचारलं: मग?

या खुणेला 'माझ्याच्याने होणार नाही' असं उत्तर देणं मला जमलं नाही. मी त्यांना कोथरूडच्या काचेची गोष्ट सांगितली, सगळी, घमेंडीसकट. "मी उचलेन," म्हटलं, "पण फुटू शकते. फुटली तर आहे तेही गेलं." सर बाईंकडे बघत होते. बाईंनी डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटला, एकदाच. वर्गात डस्टर आपटतात तसा. निकाल लागला.

पुढचा प्रश्न पट्ट्यांचा. मॉडेल बंद झालेलं. मी आमच्या मेकॅनिक लोकांच्या ग्रुपवर टाकलं, नाना पेठेतल्या भंगारवाल्यांकडे दोन दिवस फिरले, दिल्लीच्या एका व्यापाऱ्याला फोन केला. त्याने "बिलकुल सेम" म्हणत पाठवलेला फोटो चार बोटं आखूड पट्ट्यांचा होता. चौथ्या दिवशी संध्याकाळी दुकानात बसून जुन्या कामांची वही चाळत होते, आणि तोच मॉडेल नंबर समोर आला. शेरा होता: 'चेंडू लागून काच फुटली. दुरुस्ती नाही.' आणि त्यापुढे नाव: दातार, कोथरूड.

दातारांना विसरणं शक्यच नव्हतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलाचा क्रिकेटचा चेंडू त्यांच्या खिडकीतून थेट टीव्हीवर आला होता. त्यांनी मला दुरुस्तीसाठी बोलावलंच नव्हतं. त्यांना माझ्याकडून लेखी हवं होतं की ही काच आपोआप तडकलेली नसून चेंडूनेच फुटली आहे. मी लिहून दिलं होतं.

ज्याची काच फुटली त्याचे मागचे दिवे बहुधा धडधाकट असतात. मी सकाळी साडेनऊला त्यांच्या दारात होते.

टीव्ही त्यांच्या आतल्या खोलीत, कपाटाला टेकून, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला होता. चादरीवर कागद चिकटवला होता: 'पुरावा. हात लावू नये.'

"अजून प्रकरण मिटलं नाही?" मी विचारलं.

"दीड वर्ष झालं. त्यांचं म्हणणं, खिडकी उघडी का ठेवली? अहो, खिडकी आहे ती! उघडण्यासाठीच असते. सोसायटीच्या सभेत मी हा टीव्ही टेबलावर ठेवणार आहे."

मी सरांची हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "वाईट वाटलं. मनापासून. पण पुरावा देता येणार नाही."

"दातारसाहेब, पुरावा काय आहे? फुटलेली काच. बरोबर?"

"बरोबर."

"मला काच नकोच. काच तुम्ही ठेवा, चादरीत गुंडाळून, कागद लावून. मला तिच्या मागचे दिवे हवेत. चेंडू काही दिव्यांना लागलेला नाही."

ते चादरीवरचा कागद पुन्हा वाचायला लागले. आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "अहो, देऊन टाका की. दीड वर्ष मला त्या कपाटाचं दार उघडता येत नाहीये."

"देतो," दातार म्हणाले. "पण माझ्यासमोर काढायचे. काचेच्या अवस्थेत फरक पडता कामा नये. आणि हे दिवे खरोखर त्या गृहस्थांच्या टीव्हीत बसतायत हे मी स्वतः येऊन बघणार. नाहीतर लोक म्हणतील, दातारांनी पुरावा भंगारात विकला."

म्हटलं, या. चालतंय. मला तिसरा माणूस हवाच होता.

फुटलेली काच काढणं सोपं असतं, तिला आणखी काय होणार? पट्ट्या काढल्या, टेस्टरवर एकेक लावून बघितल्या. सगळ्या पेटल्या. दातारांनी त्या मोजून वहीत लिहून घेतल्या आणि स्वतःच्या रेनकोटात गुंडाळून, रिक्षात मांडीवर धरून कर्वेनगरला आणल्या.

सरांच्या हॉलमध्ये आम्ही दोन गाद्या जोडून वर स्वच्छ चादरी घातल्या. पंखा बंद केला, कारण धूळ उडाली की ती चित्रात कायमची बसते. टीव्ही उताणा ठेवला. मी मागची-पुढची चौकट सोडवली. आता काच मोकळी होती. तिला दोन्ही बाजूंना रबरी पकडी चिकटवल्या. मोठ्या काचा उचलायला वापरतात तशा. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सर. खालच्या कडेला पापुद्र्यांना लटकलेलं एक लांब सर्किट असतं, ते काचेबरोबर तसंच्या तसं उचलावं लागतं. ते दातारांकडे दिलं.

"मी फक्त निरीक्षक म्हणून आलोय," दातार म्हणाले.

"निरीक्षकांचे हात रिकामे आहेत," सर म्हणाले. दातारांनी सर्किट धरलं.

मी पकडी धरल्या आणि सोडल्या. सरळ सांगते, त्या घरातून निघून जावंसं वाटलं. कोथरूडचा तो बारीक आवाज कानात होता. मी उठले, बेसिनवर गार पाण्याने हात धुतले, पुसले, परत येऊन बसले. "सर, मी तीन म्हटल्यावर. सरळ वर. घाई नाही. कुणीही थांबा म्हटलं तर सगळ्यांनी थांबायचं."

एक, दोन, तीन. काच दोन बोटं वर आली. चार बोटं. एवढी मोठी काच हवेत असली की मधोमध हलकी झोळ पडते. वीतभर वर आली आणि मागून ठक ठक ठक असा आवाज सुरू झाला. रेहानाबाई डाव्या हातातली काठी फरशीवर आपटत होत्या. तोंडातून "म्... म्..." असा आवाज येत होता. डोळे खालच्या कडेवर खिळलेले.

"थांबा!" मी ओरडले.

तिघेही होतो तिथे गोठलो. मी मान वाकवून बघितलं. डाव्या टोकाचा पापुद्रा चौकटीच्या एका स्क्रूमध्ये अडकून ताणला गेला होता. आम्हाला तिघांनाही आमच्या जागेवरून तो दिसत नव्हता. बाई खुर्चीतून बघत होत्या, आणि तो त्यांच्या दिसणाऱ्या बाजूला होता. आणखी बोटभर वर गेलो असतो तर चिरलाच असता.

"दोन बोटं खाली," मी म्हटलं. "हळू. दातारसाहेब, उजव्या करंगळीने तो पापुद्रा स्क्रूवरून बाहेर ढकला. नखाने नको."

दातारांनी श्वास रोखून ते केलं. एवढा जपून हात त्यांनी खात्यातल्या कुठल्या फाइलला लावला नसेल. काच पुन्हा उचलली आणि शेजारच्या गादीवर ठेवली. सरांच्या कपाळावरचा घाम चष्म्यावर उतरला होता. दातारांनी स्वतःचा रुमाल काढून त्यांना दिला.

पुढचं काम माझ्या सवयीचं. काचेखाली उजेड सारखा पसरवणारे पातळ कागद असतात, ते काढले तसेच क्रमाने ठेवले. जुन्या पट्ट्या काढल्या. एका पट्टीवरचे तीन दिवे जळून काळे पडले होते. त्या तिघांपायी सगळा टीव्ही आंधळा. सरांनी ती पट्टी हातात घेऊन बराच वेळ निरखली. दातारांच्या पट्ट्या बसवल्या, आणि दिव्यांना जाणारा करंट सर्किटवरच कमी करून टाकला. चित्र जरा सौम्य दिसतं, पण दिवे कमी तापतात. काच परत ठेवताना मी बाईंची खुर्ची अगदी गादीजवळ आणून ठेवली. "बाई, तुम्ही बघायचं," म्हटलं. त्यांनी काठी तयार ठेवली. या वेळी वाजवावी लागली नाही.

स्विच दाबला. आधी आवाज आला, नेहमीसारखा. मग चित्र आलं. खालच्या उजव्या कोपऱ्यात किंचित अंधारं होतं. कागद कुठेतरी एखाद्या सुतानं सरकला असणार. मी म्हटलं, "पुन्हा उघडून नीट करते." सर म्हणाले, "काही गरज नाही. उजवा कोपरा तिला तसाही दिसत नाही." आणि बाई हसल्या. नवरा-बायको दोघेही हसले, म्हणून मग मी आणि दातारही हसलो.

निघताना सरांनी विचारलं, "आता किती टिकेल?"

"खरं सांगू? दिवे दुसऱ्या टीव्हीतले, अर्धे वापरलेले. दोन वर्षं मिळाली तर बोनस समजा."

"दोन वर्षं पुष्कळ झाली," सर म्हणाले. "मला महिने हवे होते."

दुसऱ्या दिवसापासून व्यायाम पुन्हा सुरू झाले. मला अधूनमधून सरांकडून कळायचं. 'त' आला. 'क'ने फार दिवस छळलं. दातार दर पंधरवड्याला 'दिव्यांची पाहणी' करायला जायला लागले. जाताना बाकरवडी न्यायचे. पाहणी दोन मिनिटांची, बुद्धिबळ दोन तासांचं. त्यांच्या सोसायटीच्या सभेचं काय झालं, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "पुरावा आता अपुरा आहे. मागे घेतला." त्यांच्या घरचं कपाट उघडतं, असं त्यांच्या पत्नीने मला रस्त्यात थांबवून सांगितलं.

त्यानंतर मी पुन्हा मोठे टीव्ही उघडायला लागले. पण एकटीने कधी नाही. घरातल्या दोघांना हाताला घ्यायचं आणि एकाला फक्त बघायला बसवायचं, असा नियमच केला. काही लोकांना ते आवडायचं नाही. "पैसे आम्ही द्यायचे आणि काम पण आम्हीच करायचं?" असं एका वकीलसाहेबांनी विचारलं होतं. मी पिशवी उचलली. त्यांनी बाह्या दुमडल्या.

दोन वर्षं आणि वर काही महिने गेले. गेल्या वर्षी, दुकान आवरायला काढलं होतं त्या दिवसांत, दुपारी फोन वाजला. नंबर सरांच्या घरचा होता.

"सर, बोला."

पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास. मग एकेक शब्द तोलून ठेवल्यासारखा आवाज आला. "सर... घरी नाहीत. मी... रेहाना तांबोळी... बोलतेय. टीव्ही... बंद पडलाय."

मी खाली बसले. तीस वर्षांत हजारो लोकांनी मला टीव्ही बंद पडल्याचं सांगितलं असेल. कुणाच्या तक्रारीने मला इतका आनंद झाला नव्हता. मी म्हटलं, "बाई, पुन्हा सांगा."

"ऐकू... येत नाही का?" बाई म्हणाल्या.

लगेच गेले. पडदे ओढले, बॅटरी लावली. आत काही नव्हतं, नुसत्या उभ्या रेघा. या वेळी खरंच काच गेली होती. सर परत आल्यावर मी दोघांना बसवून सांगितलं, "आता याला काही करता येणार नाही." दुरुस्ती करणाऱ्याला हे वाक्य बोलायला नको असतं, पण ज्या दिवशी ते खरं असतं त्या दिवशी न चाचरता बोलावं.

सर म्हणाले, "मग नवा बघू." बाई म्हणाल्या, "मी... येणार. दुकानात. वासंती, तू पण."

एव्हाना त्या काठी घेऊन जिना उतरत होत्या, एका पायरीवर दोन्ही पावलं टेकवत. रविवारी आम्ही तिघं कोथरूडच्या एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. भिंतभर टीव्ही, सगळे पूर्ण जोरात. निळ्या टी-शर्टातला एक मुलगा पुढे आला. "मॅम, हा बघा, एकदम सुपर्ब पिक्चर क्वालिटी. फेस्टिव्ह ऑफर पण आहे."

बाईंनी सबंध टीव्ही निरखला, उजवीकडचं बघायला मान पूर्ण वळवून. मग विचारलं, "हा... टिकतो... किती?"

"वन इयर वॉरंटी मॅम, प्लस टू इयर्स एक्स्टेंडेड घेऊ शकता."

"वॉरंटी... नाही विचारली. टिकतो किती... ते विचारलं."

मुलगा गोंधळला. "म्हणजे मॅम... कंपनी तसं काही सांगत नाही."

"मग... कोण सांगतं?"

"मी मॅनेजरना बोलावतो," म्हणून तो आत गेला.

सर हळूच म्हणाले, "रेहाना, उशीर होईल, चल, दुसरीकडे बघू." बाईंनी तिथली एक खुर्ची काठीने जवळ ओढली, बसल्या, आणि शेजारची खुर्ची नवऱ्याला दाखवली.

"बसा," त्या म्हणाल्या. "माझं... बोलणं... व्हायचंय."

मॅनेजर टाय नीट करत बाहेर आले. बाईंनी त्यांना समोर उभं केलं आणि प्रश्न पहिल्या शब्दापासून विचारायला घेतला.